आदिवासी कला व पर्यावरण-चळवळ, उत्तर कोकणातील

उत्तर कोकणातील आदिवासी जमातींची, मुख्यत्वे वारल्यांची, चित्रकला आणि त्याच प्रदेशात वन, जल व जमीन यांच्या रक्षणार्थ उभ्या राहिलेल्या चळवळी यांचा परस्परसंबंध. दक्षिणेस पनवेलपासून उत्तरेस तलासरीपर्यंतचा, सह्याद्रीचा उतार व समुद्र यांमधील हा पट्टा आज रायगड, ठाणे, मुंबई उपनगर व पालघर या जिल्ह्यांत विभागलेला आहे. वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, मल्हार कोळी व कोकणा या येथील प्रमुख आदिवासी जमाती. प्रशासकीय सीमा मात्र वारंवार बदलत गेल्या. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो कुलाबा (सध्याच्या रायगड) जिल्ह्यात गेला. ठाणे जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग तोडून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण करण्यात आला. जंगलाचा प्रश्न या सर्व भागांत जवळजवळ सारखाच राहिला. चित्रकलेची मोठी परंपरा मात्र त्याच्या उत्तर भागात, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा व विक्रमगड या तालुक्यांतील वारल्यांमध्ये आढळते, आणि तिचेच रूप पुढे सर्वत्र पसरले.

चौक व त्याचा अर्थ : वारल्यांचे मूळ चित्र म्हणजे लग्नप्रसंगी घराच्या आतील भिंतीवर काढावयाचा चौक. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपून व त्यावर गेरूचा हात देऊन भिंत तयार केली जाते आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या चेचलेल्या काडीने रेखाटन होते. चित्र सवाशिणी काढतात. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असून तिच्या गाण्याशिवाय व चौकाशिवाय विवाह पूर्ण होत नाही. चौकाच्या मध्यभागी पालघाट या देवतेची आकृती असते. ती वनस्पतींची व सुफलतेची देवता होय. देवचौकात पंचशिऱ्या देवाचे स्थान असते. चौकटीबाहेर झाडे, पक्षी, माणसे, सूर्य, चंद्र व तारपा या वाद्याभोवती फेर धरलेले नर्तक येतात. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्याच भूमितीय आकारांवर सारी रचना उभी असते. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की माणसाचे धड होते. यांपैकी वर्तुळ सूर्य-चंद्रावरून व त्रिकोण डोंगर व झाडांच्या शेंड्यांवरून आला, तर चौकोन हा माणसाने आखलेली पवित्र जागा दर्शवितो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

या चित्रांत महाकाव्यातील वीर नाहीत, राजे नाहीत. पेरणी, आवणी, झोडणी, शिकार, मासेमारी, मुंग्यांची रांग आणि झाडावर चढणारी ताडीवाली माणसे हेच त्यांचे विषय. झाड माणसापेक्षा मोठे असते व त्याची प्रत्येक फांदी काढली जाते. धरतरी, कणसरी (धान्यदेवता), हिरवा, हिमाय, नारनदेव (पाऊस) व वाघोबा या देवतांच्या जगात शेत आणि रान यांची सीमारेषा ठळक नसते. वाघोबाची लाकडी वा दगडी फळी, तिच्यावर कोरलेले वाघ, सूर्य व चंद्र, ही गावाच्या वेशीवर वा रानात आजही आढळते व वाघबारशीला तिची पूजा होते. वारल्यांना ‘निसर्गपूजक’ म्हणून सोडून देण्याची प्रथा आहे. पण ते पुरेसे नाही. ज्या वनस्पतीवर, जनावरावर व पावसावर पोट अवलंबून असते, त्यांच्याशी केलेला हा करार आहे आणि चौक हे त्या कराराचे दृश्य रूप होय. लग्नानंतर ते चित्र जपून ठेवले जात नाही, भिंत पुन्हा लिंपली की ते जाते. कायमपणाची कल्पना या कलेत बाहेरून आली.

भिंतीवरून कागदावर : बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना कागद पुरवून त्यांच्या भित्तिचित्रांना बाजार मिळवून देण्याचे कार्य भास्कर कुलकर्णी यांनी पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने केले होते. तेच कुलकर्णी १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत डहाणू भागात आले. मिथिलेत कागद स्त्रियांच्या हाती राहिला. येथे मात्र तो पुरुषांच्या हाती गेला. गंजाड (ता. डहाणू) येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी चौकाच्या विधीबाहेर स्वतंत्र चित्र रचण्यास आरंभ केला. त्यांचे मुंबईतील पहिले महत्त्वाचे प्रदर्शन शेमोल्ड कलावीथीत १९७५ मध्ये भरले व पुढील वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पॅरिस येथील ‘माजिसियां द ला तॅर’ (१९८९) या बहुचर्चित प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. इंग्रज शिल्पकार रिचर्ड लाँग यांच्यासह त्यांचे प्रदर्शन २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे भरले. नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार (२००९) व पद्मश्री (२०११) हे त्यांना लाभलेले अन्य सन्मान. पसरलेल्या मासळीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे : सबंध पृष्ठभाग बारीक रेषांनी विणला जातो आणि मासे, पाणी व माणूस एकाच विणीत येतात. यशोधरा दालमिया यांचा वारल्यांच्या चित्रसृष्टीवरील ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वारली समाजाचे त्याआधीचे महत्त्वाचे अध्ययन म्हणजे के. ज. सावे यांचा १९४५ मधील ग्रंथ.

म्हसे यांच्या चित्रांत निषेध शोधू जाणे व्यर्थ आहे. ते गावाचे जग रंगवीत होते, त्या जगाच्या नाशाची फिर्याद करीत नव्हते. परंतु जंगल डोळ्यांदेखत विरळ होत असताना तेच भरगच्च रान पुनःपुन्हा कागदावर उतरत गेले, ही गोष्ट पुढच्या पिढीच्या चित्रकारांनी हेरली.

जंगलाचा झगडा : या कलेच्या शेजारी, बराच काळ तिच्याशी संबंध न येता, जंगलावरील हक्काचा दुसरा इतिहास घडत होता. १८७८ च्या वन अधिनियमानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राखीव जंगले आखली गेली. भातशेतीच्या राबासाठी लागणाऱ्या पाल्यावर व टहाळ्यांवर निर्बंध आले आणि त्यामुळे उठलेल्या असंतोषाची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. खैराच्या लाकडापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांचा नावाजलेला व्यवसायच या निर्बंधांनी संपला. ते कोळशाच्या भट्ट्यांवर व पुढे वीटभट्ट्यांवर मजूर झाले. पनवेललगतच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेल्या जंगल सत्याग्रहात पोलिसांच्या गोळीबाराने आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी हे आदिवासी होते. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात चिरनेरची नोंद मिठाच्या सत्याग्रहाला जोडून होते; स्थानिक लोकांच्या दृष्टीने मात्र तो लाकूडफाट्याचा व गवताचा लढा होता.

उत्तरेकडे जमीनदार व सावकार यांच्या वेठीविरुद्ध २३ मे १९४५ रोजी झरी (तलासरी) येथे भरलेल्या परिषदेपासून वारल्यांचा उठाव सुरू झाला. गवतकापणीची मजुरी हा त्यातील एक मुख्य प्रश्न होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात दिली असून त्यास १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. पुढे पालघर भागात भूमिसेना व डहाणू-जव्हार भागात कष्टकरी संघटना (स्थापना १९७८) यांनी जमीन, मजुरी व वनहक्क हे प्रश्न चालविले. या लढ्यांना त्या काळी कोणी पर्यावरण-चळवळ म्हणत नसे.

डहाणू : ‘पर्यावरण’ हा शब्द या भागात औष्णिक वीजकेंद्राबरोबर आला. डहाणू येथे २५० मेगॅवॉटच्या दोन संचांच्या केंद्रास १९८० नंतरच्या दशकाअखेर मंजुरी मिळाली तेव्हा चिकूच्या बागाईतदारांनी व मुंबईतील निसर्गप्रेमींनी तीस न्यायालयात आव्हान दिले. केंद्र थांबले नाही, १९९५ मध्ये ते सुरू झाले. पण २० जून १९९१ च्या अधिसूचनेने सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र घोषित झाला. उद्योगांसाठी ५०० एकरांची कमाल मर्यादा व तालुक्याभोवती २५ किमी.चा संरक्षक पट्टा ठरविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव या प्राधिकरणाने १९९८ मध्ये फेटाळला. हा प्रस्ताव २०२० मध्ये पुन्हा पुढे आला. प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी त्यास ना हरकत दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांच्या विरोधात आदिवासी संघटनाही सामील होत्या.

डहाणूच्या प्रकरणातील एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. तालुक्याच्या रक्षणासाठी पुढे आलेला बागाईतदारांचा वर्ग व त्या बागांत राबणारे वारली यांचे हितसंबंध मुळात एक नव्हते. १९४५ चा उठाव जमीनमालकांच्याच विरुद्ध झाला होता. शहरातील निसर्गरक्षण व आदिवासींचे हक्क यांचा उघड विरोध बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दिसला. उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशाची झळ तेथील जुन्या आदिवासी पाड्यांनाही लागली. आदिवासी हा जंगलाचा शत्रू की राखणदार, हा वाद या प्रदेशात अशा रीतीने न्यायालयात पोहोचला. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ याने त्याचे उत्तर कायद्यात दिले; अंमलबजावणीत ते अजूनही पूर्ण उतरलेले नाही.

चित्रातील साक्ष : चित्रकलेने हा प्रश्न उघडपणे हाती घेतला तो एकविसाव्या शतकात. गंजाडचेच राजेश चैत्या वांगड व छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून केलेली संयुक्त चित्रमालिका हे त्याचे सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण होय. गिल यांनी गंजाड परिसराची कृष्णधवल छायाचित्रे घेतली. वांगड यांनी त्यांच्या छापील प्रतींवर शाईने वारली पद्धतीची रेखाटने केली. छायाचित्रात जे रिकामे माळरान दिसते, तेथे पूर्वी उभे असलेले रान, त्यातील जनावरे व देवता, दुष्काळ, धरणे व कारखाने यांचा वृत्तांत रेषांनी भरला जातो. कॅमेऱ्याला आजची जमीन दिसते, रेषेला तिची आठवण. एकाच पृष्ठभागावर दोन्ही आल्याने काय हरवले याचा हिशेब प्रेक्षकासमोर आपोआप मांडला जातो. निषेधाचे एकही वाक्य न लिहिता इतकी नेमकी तक्रार क्वचितच नोंदली गेली असेल. गंजाडचे तुषार व मयूर वायेडा हे बंधू अशाच पिढीचे असून ब्रिस्बेन येथील आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात (२०२१-२२) त्यांची चित्रे मांडली गेली.

आरे : मुंबईतील आरे दुग्धवसाहतीत वारली, कातकरी व मल्हार कोळी यांचे २७ पाडे आहेत. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेच्या कारशेडसाठी तेथील वृक्षतोडीस विरोध होत असता उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी याचिका फेटाळल्या व त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला ती थांबविली, पण तोवर २,००० हून अधिक झाडे पडली होती. या आंदोलनात वारली आकृती फलकांवर व भिंतींवर सर्रास वापरल्या गेल्या. शहरी तरुणांच्या दृष्टीने त्या एक सुलभ चिन्ह होत्या. पाड्यांतील लोकांच्या दृष्टीने त्या घरच्या भिंतीवरील ओळखीच्या आकृती होत्या, आणि ‘येथे जंगलच नाही’ या सरकारी युक्तिवादाला दिलेले उत्तर होत्या. केळ्टीपाड्याचे प्रकाश भोईर यांच्या सहभागाने ‘स्वदेसी’ या मुंबईतील रॅपगायकांच्या गटाने वारल्यांच्या लढ्यावरील गीत २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. कारशेडची जागा २०२० मध्ये कांजूरमार्गला हलविण्यात आली व आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचे ठरले. २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेतच आणण्यात आली.

पनवेल परिसर : या पट्ट्याच्या दक्षिण टोकास स्थिती निराळी आहे. पनवेल तालुक्यातील आदिवासी मुख्यतः कातकरी व ठाकर असून, वारल्यांच्या चौकाइतकी ख्याती पावलेली चित्रपरंपरा त्यांच्यात नाही. कातकरी ही केंद्र शासनाने विशेष असुरक्षित ठरविलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक (अन्य दोन कोलाम व माडिया गोंड). त्यांचे ज्ञान चित्रात नव्हे तर रानात साठविलेले आहे : कंद, रानभाज्या, खेकडे, मासे व औषधी मुळ्या यांची त्यांची माहिती विलक्षण सूक्ष्म असते. डोंगरउतारावर नाचणी व वरी पिकविण्यासाठी ब्रिटिश काळात दिलेल्या ‘दळी’ जमिनींचे हक्क नोंदवून घेणे हा रायगड जिल्ह्यातील आदिवासींचा दीर्घकाळचा लढा राहिला असून २००६ च्या अधिनियमाखाली त्यास नवे बळ मिळाले.

पनवेलपासून सुमारे १२ किमी.वरील कर्नाळा अभयारण्य हे १९६८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य होय. मुळात ४.४८ चौ. किमी.चे हे क्षेत्र २००३ मध्ये १२.११ चौ. किमी. करण्यात आले. दुसऱ्या बाजूस, तालुक्याच्या पश्चिम भागात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला व दहा गावठाणे हलविण्यात आली. या प्रकल्पास २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली होती. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. तेथील विस्थापित प्रामुख्याने आगरी व कोळी समाजाचे.

नेमक्या याच परिसरातील पुलांचे खांब, शाळांच्या भिंती व उद्यानांची कुंपणे वारली आकृतींनी रंगलेली दिसतात. झाडे लावा, पाणी वाचवा अशा संदेशांसाठी नगरपालिका-महानगरपालिकांना ही शैली सोयीची वाटते, कारण ती दोन रंगांत होते, लांबून ओळखू येते व कोणालाही खटकत नाही. ही शेवटची गोष्ट तिच्या यशाची तशीच तिच्या दुर्बलतेचीही खूण आहे. ज्या खांबावर तारप्याचा फेर रंगविला, त्याच्या पलीकडच्या वाडीतील कातकऱ्याचा त्या आकृतीशी परंपरेने संबंध नसतो. ‘आदिवासी’ म्हणून एकच चित्र सर्व जमातींवर चिकटविण्याचा हा प्रकार असून, त्यात वारल्यांचा विधी हरवतो व कातकऱ्यांचे रानाचे ज्ञान अदृश्यच राहते.

अन्य देशांतील समांतर उदाहरणे : चित्र हे जमिनीवरील हक्काचे दस्तऐवज होऊ शकते, हे ऑस्ट्रेलियातील आदिवासींनी दाखवून दिले. यिर्काला येथील योल्ङू लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध १९६३ मध्ये संसदेला दिलेले अर्ज झाडाच्या सालीवर डकविलेले असून त्यांच्याभोवती कुळांची पारंपरिक चित्रे रंगविलेली होती. खाण थांबली नाही आणि १९७१ मध्ये न्यायालयातही ते हरले. मात्र १९९६ नंतर त्यांनी आपल्या समुद्रकिनाऱ्याची सालचित्रे काढून भरतीओहोटीच्या पाण्यावरील वहिवाट मांडली आणि २००८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासींच्या भरतीच्या पट्ट्यावरील हक्कांना मान्यता दिली. भारतात असा वापर झालेला नाही. येथे वनहक्काच्या दाव्यास ग्रामसभेचा ठराव, वृद्धांची जबानी व जुनी कागदपत्रे हा पुरावा लागतो. चौक त्यात धरला जात नाही, यद्यपि कोणत्या कुळाचे देव कोणत्या रानात आहेत याची माहिती लग्नातील गाण्यांत व विधींत येते.

स्वामित्वाचा प्रश्न : कपडे, भेटवस्तू व जाहिराती यांत वारली आकृतींचा वापर वाढल्यावर मूळ चित्रकारांना त्यातून काही मिळत नाही, ही तक्रार पुढे आली. ‘आदिवासी युवा सेवा संघ’ या संस्थेच्या प्रयत्नाने २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला. या नोंदणीमुळे ‘वारली’ या नावाचा व्यापारी वापर मर्यादित होतो. आकृतींची नक्कल तीमुळे पूर्णपणे थांबत नाही. चौक लिहिण्याचा अधिकार परंपरेने ज्यांचा, त्या सवाशिणींची नावे व्यावसायिक चित्रकारांच्या यादीत अद्याप थोडीच आढळतात. अलीकडे काही वारली स्त्रिया कागदावर व कापडावर स्वतंत्रपणे चित्रे काढू लागल्या आहेत. घरे सिमेंटची झाल्याने कुडाची भिंत दुर्मिळ होत चालली असून, अनेक पाड्यांत आता लग्नापुरता भिंतीचा एक भाग गेरूने रंगवून त्यावर चौक लिहिला जातो.